रानभाजीची किंमत आणि मान

पावसाळा लागला की मलंगगडाच्या पायथ्याच्या पाड्यांतून आदिवासी भगिनी पाट्या घेऊन अंबरनाथच्या बाजारात येतात. शेवळं, टाकळा, कुर्डू, पुढे कर्टुली. आम्ही बुवापाड्याचे रहिवासी कामावरून परतताना तेथे थांबतो. दोन-पाच रुपयांसाठी चाललेली घासाघीस रोज कानी पडते.

शेवळं नुसती शिजवली तर घसा खवखवतो. म्हणून त्यांत काकडाची आंबट फळे घालतात. भाजीवाली बाई हे आपणहून सांगते आणि भाजीबरोबर मूठभर काकडंही देते. या ज्ञानाचे मोल तिला कोण देतो?

मुंबईत मात्र अशा ज्ञानाला फार भाव आहे. महालक्ष्मीला एका जुन्या गिरणीच्या आवारात २०१६ साली ‘मास्क’ हे उपाहारगृह निघाले. रानातले, डोंगरातले, देशी जिन्नस हेच त्याचे भांडवल. एकामागून एक पदार्थ येतात आणि माणशी हजारो रुपये बिल होते. २०२३ साली आशियातील पन्नास उत्तम उपाहारगृहांच्या यादीत ते भारतात पहिले ठरले. त्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्य वर्ष पाळले आणि गरिबाची नाचणी-ज्वारी मेजवानीच्या पानात आली.

आमचा याला विरोध नाही. चांगले अन्न कोणीही खावे. पण आपल्या समाजाला जेवणाचा इतिहास विसरता येत नाही. १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचे मांस आणि उष्टे अन्न सोडा, असे बजावले. ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये १९३६ साली त्यांनी जयपूर संस्थानातील चकवारा गावची हकिकत दिली आहे. तीर्थयात्रेहून परतलेल्या एका अस्पृश्याने आपल्या बांधवांना जेवण दिले. पंगतीत तूप वाढले, एवढ्यासाठी लाठ्या घेऊन आलेल्या सवर्णांनी अन्न नासवले व जेवणाऱ्यांना मारले. ऐपत असून चांगले खाणे हाही गुन्हा होता!

आपल्या आया-आज्यांनी काय शिजवले, हे पाकशास्त्राच्या पुस्तकांनी नोंदवले नाही. ते काम शाहू पाटोळे यांनी ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ या पुस्तकात केले. मराठवाड्यातील महार-मांगांच्या स्वयंपाकाचे हे पुस्तक २०१५ साली आले. २०२४ साली ते इंग्रजीत गेले. ज्या अन्नाची लाज वाटावी असे आपल्याला शिकवले गेले, ते आज जग वाचते आहे.

भगिनींनो, आम्ही तीन गोष्टी सुचवतो. मुलाने डब्यातली भाकरी लपवली तर रागावू नका. ती भाकरी कोणाच्या कष्टाची आहे ते त्याला सांगा. आजीला विचारून तिच्या भाज्या व कालवणे वहीत उतरवा, खाली तिचे नाव घाला. आणि वर्षावासात विहारात ग्रंथवाचन चालते, तेव्हा महिला मंडळाने एक दिवस टाकळा, कर्टुली आणि नाचणीच्या भाकरीचे भोजन ठेवावे. भाजी पाड्यावरच्या भगिनींकडून घ्यावी, त्या सांगतील त्या भावाने घ्यावी. भाजी आणून देऊन त्यांना परत पाठवू नये; पहिल्या पंगतीत सन्मानाने बसवावे.

हजारो रुपयांचे ताट आपल्याला परवडणार नाही. मानाची पंगत मात्र आपण आजही मांडू शकतो.

जयभीम!