जुन्या वाद्यांची नवी घाई

‘ओल्ड क्रो मेडिसिन शो’ हे नावच जुन्या काळाचं आहे. अमेरिकेत एकेकाळी गावोगाव औषधं विकत फिरणारे लोक गर्दी जमवायला गाणंबजावणं करत. त्या खेळाला मेडिसिन शो म्हणत. केच सेकोर आणि त्याच्या मित्रांनी १९९८ मध्ये हा बॅंड काढला, तेव्हा फिडल, माउथ ऑर्गन, उभा बास आणि बॅंजो घेऊन ते रस्त्याच्या कडेला वाजवत फिरले. (हा बॅंजो आपल्या मिरवणुकीतल्या कळांच्या बेंजोपेक्षा वेगळा; गोल चौकटीवर पातळ पडदा ताणलेलं ते तंतुवाद्य आहे.) नॉर्थ कॅरोलायनातल्या बून गावी ते औषधाच्या दुकानासमोर वाजवत असताना थोर गिटारवादक डॉक वॉटसन यांनी त्यांना ऐकलं आणि मर्लफेस्ट या आपल्या महोत्सवात बोलावलं. सुरांची ठेवण जुनी, पण वाजवण्याची घाई आणि धक्का रॉकचा. म्हणूनच आक्षेप येतो, की हे जुन्या कपड्यांतलं सोंग आहे, अस्सल काही नाही.

पण अस्सल म्हणजे नेमकं काय? बॅंजो-फिडलच्या ब्लूग्रास या शैलीचे जनक मानले जाणारे बिल मन्रो यांनी केंटकीतल्या आर्नल्ड शुल्ट्झ या कृष्णवर्णीय वादकाकडून ब्लूज उचललं. १९४५ च्या अखेरीस अर्ल स्क्रग्ज तीन बोटांनी बॅंजो छेडत मन्रोंच्या बॅंडमध्ये आले, तेव्हा जे घडलं ते रेडिओच्या जमान्यातलं ताजं, वेगवान संगीत होतं. १९५४ मध्ये एल्विस प्रेस्लीची पहिली तबकडी निघाली. तिच्या एका बाजूला ब्लूज गायक आर्थर क्रडप यांचं गाणं होतं, दुसऱ्या बाजूला मन्रोंचं ‘ब्लू मून ऑफ केंटकी’, चाल बदललेलं. मला सगळ्यात बोलका वाटतो तो पुढचा भाग. मन्रोंनी त्याच वर्षी आपलं गाणं पुन्हा ध्वनिमुद्रित केलं आणि उत्तरार्धात एल्विसची लय घेतली. परंपरेचा मूळ पुरुषच रॉककडून घेत होता! मग तेच करणाऱ्या नव्या पोरांना सोंगाडे कसं म्हणायचं?

ओल्ड क्रोच्या ‘वॅगन व्हील’ या गाण्याचीही गोष्ट अशीच आहे. बॉब डिलन यांनी १९७३ मध्ये अर्धवट सोडलेल्या तुकड्याला सेकोरने कडवी जोडली आणि श्रेय दोघांत वाटलं गेलं. डिलन यांनी त्या तुकड्यातल्या ओळीचा धागा क्रडप यांच्याकडे नेला, म्हणजे पुन्हा एल्विसच्या तबकडीच्या पहिल्या बाजूच्या गीतकाराकडे.

याहून वजनदार आक्षेप वेगळा आहे: मिसळण झाली, पण नाव आणि पैसा गोऱ्यांना मिळाला. हे मान्यच करावं लागतं. बॅंजोचं मूळ आफ्रिकी. ग्रँड ओल ऑप्री या नॅशव्हिलच्या रेडिओ कार्यक्रमाचे सुरुवातीचे लाडके वादक डीफोर्ड बेली कृष्णवर्णीय होते, आणि १९४१ मध्ये त्यांना तिथून काढलं गेलं. जुना पोशाख चढवणारा बॅंड हा हिशेब टाळत असेल, तर आक्षेप खरा ठरतो. ओल्ड क्रोने तो टाळला नाही. २०१३ मध्ये ते त्याच ऑप्रीचे सदस्य झाले आणि २०२२ च्या अल्बममध्ये त्यांनी बेलींवर गाणं केलं. फार उशिराचं गाणं आहे ते. बेली १९८२ मध्येच गेले होते.