मॉनिटर नव्हे, मध्यस्थ

वर्गातल्या भांडणावर आपल्याकडचे उपाय ठरलेले. मॉनिटर फळ्यावर नाव लिहितो, बाई दोघांनाही उभं करतात. छडी तर २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने बंदच केली. भांडण मात्र मिटत नाही, शाळा सुटेपर्यंत दबा धरून बसतं.

मुलांच्या भांडणात मुलांनीच मध्यस्थी करायची, ही पद्धत अमेरिकेतल्या शाळांत १९८० च्या दशकात पसरली. सॅन फ्रान्सिस्कोत वस्तीतले तंटे शेजाऱ्यांकरवी मिटवणारी ‘कम्युनिटी बोर्ड्स’ ही संस्था १९७६ पासून होती. तिचीच रीत पुढे शाळेत आली. आपल्यालाही हे नवं वाटू नये. १५ ऑगस्ट २००७ ला सुरू झालेल्या महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहिमेत गावोगावी समित्या बसल्याच होत्या. पण गावच्या बैठकीत वडीलधाऱ्यांच्या शब्दाला वजन असतं आणि ‘जाऊ दे, मिटवून टाक’ हा दाबही असतो. शाळेतल्या मध्यस्थाला निकाल द्यायची मुभाच नाही.

समजा, वसईजवळच्या कळंबच्या एखाद्या शाळेत सातवीतल्या दोघांची फुटबॉलवरून जुंपली. एक गावातला, दुसरा नालासोपाऱ्याहून येणारा, घरी हिंदी बोलणारा. नववीतले दोन मध्यस्थ त्यांना रिकाम्या वर्गात घेऊन बसतात. शिक्षक हाकेच्या अंतरावर, पण खोलीबाहेर. आधी अटी: एकाचं संपेपर्यंत दुसऱ्याने तोंड उघडायचं नाही, शिवी द्यायची नाही, इथलं बाहेर सांगायचं नाही. मग एक जण बोलतो आणि मध्यस्थ त्याचं म्हणणं आपल्या शब्दांत परत मांडतो. “म्हणजे ढकलल्याचा राग नाही, ‘भैया’ म्हणून चिडवल्याचा आहे, असंच ना?” चेंडू बाजूलाच राहतो. तोडगा दोघांनीच काढायचा, कागदावर सह्या करायच्या. आठवड्याने मध्यस्थ पुन्हा विचारतात, जमतंय का?

मध्यस्थ म्हणून पहिल्या बाकावरची गुणी मुलं निवडायचा मोह शिक्षकांना होणारच. तो आवरावा. मागच्या बाकावरची, स्वतः मारामारीत सापडलेली, घरी कादोडी, वारली किंवा हिंदी बोलणारी, सगळी हवीत. नाहीतर मॉनिटरच नव्या नावाने परत येईल.

दादागिरी मात्र इथे आणू नये. एक रोज छळतो आणि दुसरा सोसतो, तिथे दोघांना समोरासमोर बसवणं म्हणजे सोसणाऱ्याला पुन्हा त्याच्याच तावडीत देणं. मारिया टोफी आणि डेव्हिड फॅरिंग्टन यांनी २०११ मध्ये दादागिरीविरोधी उपक्रमांवरच्या अभ्यासांचा आढावा घेतला. मुलांवरच भिस्त ठेवणाऱ्या उपायांचा संबंध त्यांना छळ घटण्याऐवजी वाढण्याशी दिसला. जातीवरून अपमान झाला तर तो मुख्याध्यापकांकडे जायला हवा. लैंगिक त्रासाची बाब पोक्सो कायद्याने पोलिसांना कळवावीच लागते. माहीत असून न कळवणाऱ्या मोठ्या माणसांना शिक्षेची तरतूद आहे. म्हणून ‘इथलं बाहेर नाही’ या अटीला असलेला हा अपवाद मध्यस्थांनी बैठकीच्या सुरुवातीलाच, दोघांनाही स्वच्छ शब्दांत सांगायचा असतो.