प्रश्नांतील शेवटचा शब्द

फेब्रुवारी महिना जवळ आला म्हणजे बुलढाणा, खामगांव, चिखली, मेहकर येथील ज्या घरांत बारावीचा विद्यार्थी असेल, तेथें बोलणेंहि हलक्या आवाजांत होऊं लागतें. मानसशास्त्र हा विषय घेतलेल्या मुलामुलींच्या वह्या भरलेल्या असतात, पाठांतरहि झालेलें असतें. तरी निकालानंतर ‘एवढें लिहिलें, मग गुण गेले कोठें?’ हा प्रश्न उरतोच, आणि घरची मंडळी मुलाला मंद ठरवून मोकळी होतात. वस्तुतः पुष्कळदां दोष बुद्धीचा नसून वाचनाचा असतो. मराठी वाक्यांत क्रियापद शेवटीं येतें. उतावळा विद्यार्थी पहिलें ओळखीचें नाम दिसतांच लिहावयास बसतो. ‘स्मृति’ हा शब्द दिसला कीं स्मृतीविषयीं जें जें पाठ असेल तें तें कागदावर उतरतें. आज्ञा मात्र ‘फरक स्पष्ट करा’ अशी असते. पानावर बसलेल्यानें मीठ मागावें आणि आपण लाडू वाढावा, तसा हा प्रकार. नाम विषय सांगतें. काय करावयाचें तें क्रियापद सांगतें.

हा भेद आपल्या शास्त्रकारांस अपरिचित नव्हता. न्यायसूत्रांवरील भाष्यांत वात्स्यायनानें शास्त्राची प्रवृत्ति त्रिविध सांगितली आहे : उद्देश, लक्षण व परीक्षा. उद्देश म्हणजे वस्तूचें नांव घेणें. लक्षण म्हणजे तिला इतरांहून वेगळी करणारा धर्म सांगणें. परीक्षा म्हणजे तें लक्षण जुळतें कीं नाहीं हें प्रमाणांनीं तपासणें. ‘नांवें लिहा’, ‘व्याख्या लिहा’ आणि ‘मूल्यमापन करा’ या आज्ञा जवळजवळ याच तीन पायऱ्या होत. अमेरिकेंतील बेंजामिन ब्लूम व त्यांचे सहकारी यांनीं १९५६ सालीं ज्ञान, आकलन, उपयोजन, विश्लेषण, संश्लेषण व मूल्यमापन अशा सहा पायऱ्या मांडल्या. प्रत्येक क्रियापद विद्यार्थ्याला यांपैकीं कोणत्या पायरीवर चढावयाचें तें सांगत असतें.

प्रथम ‘व्याख्या लिहा’ ही आज्ञा घेऊं. पॅरिसचे आल्फ्रेड बिने यांनीं आपल्या बुद्धिमापन कसोटींत मुलांना नित्याच्या वस्तूंच्या व्याख्या विचारल्या. लहान मूल ‘खुर्ची बसायला’ असा उपयोग सांगतें. मोठें मूल ‘बसण्याचें एक आसन’ अशी जाति सांगतें. पहिल्या उत्तराहून दुसरें वरच्या वयाचें मानलें गेलें. परीक्षेंतहि उदाहरण म्हणजे व्याख्या नव्हे. ‘शिकणें म्हणजे वर्तनांतील बदल’ असें लिहिल्यास अतिव्याप्तीचा दोष येतो; कारण तापानें आणि थकव्यानेंहि वर्तन बदलतें. ‘अनुभवामुळें वर्तनांत होणारा, बराच काळ टिकणारा बदल’ असें म्हटलें म्हणजे तो दोष जातो.

‘वर्णन करा’ व ‘स्पष्ट करा’ यांत तर फारच गल्लत होते. आपल्या जिल्ह्यांतील लोणारचें सरोवर पाहा. २०२० च्या जून महिन्यांत त्याचें पाणी गुलाबी झालें, हें वर्णन. खारट पाण्यांत वाढणारे सूक्ष्म जीव बळावले व त्यांच्या रंगद्रव्यानें पाणी रंगलें, हें स्पष्टीकरण. कारण येथें कार्याशीं कारण जोडलें आहे. त्याचप्रमाणें हेर्मान एबिंगहाउस यांनीं १८८५ सालीं दाखविलें कीं विस्मरण प्रथम झपाट्यानें व मागाहून सावकाश होतें. हें वर्णन झालें. नवी व जुनी माहिती एकमेकींच्या आड येते म्हणून विसर पडतो, असें सांगणें हें स्पष्टीकरण झालें.

‘फरक स्पष्ट करा’ म्हटल्यावर दोन स्वतंत्र निबंध लिहूं नयेत. एकच मुद्दा धरून दोहोंकडे पाहावें. पावलॉव्हच्या अभिजात अभिसंधानांत संकेत अगोदर येतो व कुत्र्याची लाळ आपोआप सुटते. स्किनरच्या साधक अभिसंधानांत उंदीर अगोदर दांडी दाबतो व अन्न मागाहून मिळतें. हा एक मुद्दा झाला. ‘तुलना करा’ असें असेल तर भेदाबरोबर साम्यहि सांगितलें पाहिजे.

‘चर्चा करा’ यांत पूर्वपक्ष व उत्तरपक्ष दोन्ही हवेत. ‘मूल्यमापन करा’ यांत निर्णयहि हवा. जॉन वॉटसन व रोझाली रेनर यांनीं १९२० सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत अल्बर्ट नांवाच्या तान्ह्या मुलाला पांढरा उंदीर दाखवून मागें लोखंडी कांबीवर हातोडा मारला व त्याला उंदराची भीति शिकविली. येथें थांबल्यास वर्णनच होतें. मूल एकच होतें, शिकविलेली भीति घालविली गेली नाहीं; म्हणून निष्कर्ष मर्यादित व रीति आक्षेपार्ह, असें म्हटल्यावर मूल्यमापन होतें.

या अभ्यासासाठीं घरांत कोणी मानसशास्त्रज्ञ असण्याची गरज नाहीं. आजोबांनीं अथवा काकूंनीं जुनी प्रश्नपत्रिका हातीं घ्यावी, प्रश्न सावकाश वाचावा व ‘यांत काय करावयास सांगितलें आहे?’ एवढेंच विचारावें. मुलानें क्रियापदाखालीं रेघ ओढावी, शेजारचे गुण पाहावेत आणि त्या मानानें मुद्दे योजावेत. रोज पांच प्रश्न पुरेत. मुलाच्या बुद्धीविषयीं मत बनविण्यापूर्वीं घरच्या वडीलधाऱ्यांनीं एवढें अवश्य करून पाहावें.