आवाज उरला नाही, तरी नाव कसं उरतं?

संशोधनाचा आराखडा लिहिताना मी एक वाक्य फार आत्मविश्वासाने टाकलं होतं: 'गायकाची कीर्ती त्याच्या मृत्यूनंतर टिकते ती ध्वनिमुद्रणांमुळे.' गाईड मॅडमनी बाजूला पेन्सिलने दोनच शब्द लिहिले, "आणि भास्करबुवा?"

मी डोंबिवलीची. दोन स्टेशनं पलीकडे, कल्याणला, कल्याण गायन समाज 'देवगंधर्व महोत्सव' भरवतो. देवगंधर्व म्हणजे भास्करबुवा बखले (१८६९–१९२२). त्यांचं गाणं ध्वनिमुद्रित रूपात ऐकायला मिळत नाही. तरीही त्यांच्या नावाने रसिक जमतात. म्हणजे माझं गृहीतक घराजवळच कोसळलं!

मग काय टिकलं? इथे 'वारसा' हा शब्द फोडावा लागतो. बुवांनी फैज महंमद खाँ, नत्थन खाँ आणि अल्लादिया खाँ यांच्याकडून ग्वाल्हेर, आग्रा आणि जयपूर घराण्यांची तालीम घेतली. ती गायकी पुढे नेली मास्तर कृष्णरावांसारख्या शिष्यांनी. १९१६ च्या 'संगीत स्वयंवर'मधल्या बुवांच्या चाली घरोघरी पोचल्या त्या बालगंधर्वांच्या गळ्यातून. आणि नाव सांभाळलं संस्थांनी: पुण्यात त्यांनी १९११ मध्ये स्थापलेल्या भारत गायन समाजाने आणि कल्याणसारख्या ठिकाणच्या महोत्सवांनी. गायकी, चाल आणि नाव या तीन गोष्टी तीन वेगळ्या वाटांनी आल्या. 'वारसा टिकला का?' असं विचारण्यापेक्षा 'काय टिकलं आणि कोणामुळे?' असं विचारलं, की प्रश्न हातात येतो.

आता ठाण्याकडे या. मास्तर कृष्णरावांचे शिष्य पं. राम मराठे (१९२४–१९८९) ठाण्यात राहायचे. ठाणे महापालिका त्यांच्या स्मरणार्थ संगीत महोत्सव भरवते. त्यांची ध्वनिमुद्रणं आहेत, आणि त्यांना समोर बसून ऐकलेली माणसंही आहेत.

हा फरक समजायला यान आसमान या जर्मन अभ्यासकाची मांडणी उपयोगी पडते. माणसं एकमेकांना सांगतात ती 'संवादी स्मृती'. ती साधारण ८० ते १०० वर्षं जगते. त्यानंतर उरते ती संस्था, ग्रंथ, उत्सव यांनी जपलेली 'सांस्कृतिक स्मृती'. भास्करबुवा दुसऱ्या टप्प्यात गेले. रामभाऊ अजून दोन्हींच्या मधे आहेत. पण १९६३ मध्ये 'मंदारमाला' विशीत पाहिलेला प्रेक्षक आज ऐंशीच्या पुढे आहे, हे लक्षात घ्या.

हे मला उशिरा कळलं. एका जुन्या रसिक आजोबांना मी "आधी वाचन संपवते, मग मुलाखतीला येते" म्हटलं होतं. मी फोन केला तेव्हा त्यांच्या सुनेने उचलला. पुस्तकं अजून ग्रंथालयात तशीच आहेत.

म्हणून तुम्ही असा विषय घेणार असाल, तर नेहमीचा क्रम उलटा करा. आधी वयस्कर श्रोते, मग ग्रंथालय. मात्र सांगितलेलं सगळं जसंच्या तसं खरं धरू नका. पुढे रेकॉर्डवर ऐकलेलं गाणं आठवणीत मैफलीत जाऊन बसतं, आणि ते मुद्दाम केलेलं नसतं. "ते कसे गायचे?" असं विचारलं तर "काय सांगू, अद्भुत!" एवढंच मिळतं. त्याऐवजी विचारा: कुठलं सभागृह? सोबत कोण होतं? तिकीट कोणी काढलं? परत कुठल्या गाडीने आलात? अशा तपशिलांतून आठवण पडताळता येते, आणि रेकॉर्डवर न आलेली मैफलही थोडीफार हाती लागते.

आराखड्यातलं ते वाक्य मी खोडलंय. नवा प्रश्न असा: ठाणे-कल्याणच्या महोत्सवांना येणारा आजचा श्रोता नेमकं कोणाचं गाणं ऐकायला येतो, ज्यांच्या नावाने महोत्सव आहे त्यांचं, की समोर गाणाऱ्याचं? तुमच्या घरात कोणी जुने कानसेन असतील, तर या रविवारी त्यांच्याशेजारी बसा. फोनचं रेकॉर्डिंग त्यांना विचारून सुरू करा.