"तुमच्यातील उणिवा सांगा"

केंद्र शासनाच्या 'क' गटातील नोकऱ्यांसाठीच्या मुलाखती १ जानेवारी २०१६ पासून बंद झाल्या. परंतु वाळूज-शेंद्र्याच्या कारखान्यांत त्या चुकत नाहीत. वेरूळची लेणी पर्यटकांना धीटपणे दाखविणारी आमची मुले तेथे या एका प्रश्नावर गप्प होतात, नाहीतर "मी अति कष्टाळू आहे" हे पाठ केलेले म्हणतात. ते ऐकून साहेबांचे कान किटलेले असतात! एकच खरी उणीव सांगावी आणि तिच्यावर आपण काय करतो आहोत तेही सांगावे, असे आम्हांस वाटते. इंग्रजी बोलताना अडखळतो, म्हणून रोज अर्धा तास मोठ्याने वाचतो, असे सांगता येते. हिशेबनिसाच्या जागेसाठी मात्र "आकडेमोड चुकते" म्हणू नये. खेडेगाव, मराठी माध्यम, वडिलांची मजुरी ह्या उणिवा नव्हेतच. त्या मान खाली घालून सांगू नयेत.