सद्भावनेला वाट हवी : सेवाभावी संस्था आणि मोबाईल ॲप

एखादी सेवाभावी संस्था मोबाईलसाठी ॲप तयार करावयाचे ठरविते, तेव्हा पहिल्याच बैठकीत बोधचिन्ह, अध्यक्षांचे मनोगत, समारंभांची छायाचित्रे आणि देणगीची सोय अशी यादी तयार होते. असे ॲप हितचिंतक एकदा उघडतात आणि विसरून जातात. वस्तुतः प्रारंभी दोनच प्रश्न विचारावयास हवेत. ज्यांच्यासाठी संस्था उभी आहे त्यांची अडचण नेमकी कोणत्या क्षणी उद्भवते? आणि त्या क्षणी दूरच्या हितचिंतकास काय देता येईल?

या प्रश्नांची सांगड कशी घालावी, याचा वस्तुपाठ डेन्मार्कमध्ये जन्मलेल्या ‘बी माय आइज’ या ॲपने घालून दिला आहे. त्याचे जनक हान्स यॉर्गन विबर्ग हे फर्निचरचे कारागीर असून त्यांची स्वतःची दृष्टी अधू आहे. अंध व्यक्ती व्हिडिओ कॉल करून आप्तांची मदत घेतात, परंतु दर वेळी त्याच माणसांना त्रास देण्याचा त्यांना संकोच वाटतो, हे त्यांनी हेरले. जानेवारी २०१५ मध्ये हे ॲप उपलब्ध झाले.

त्याची कार्यपद्धती साधी आहे. औषधाच्या बाटलीवरील तारीख वाचावयाची असेल अथवा दोन सदऱ्यांतील निळा ओळखावयाचा असेल, तर अंध व्यक्ती कॉल करते. तीच भाषा जाणणाऱ्या अनेक स्वयंसेवकांच्या मोबाईलवर घंटा वाजते आणि जो प्रथम उत्तर देईल तो कॅमेऱ्यातून पाहून सांगतो. एखादा स्वयंसेवक कामात असला तरी काही बिघडत नाही. दुसरा कोणी उत्तर देतो. त्यामुळे मागणाऱ्यास ओशाळे वाटत नाही आणि देणाऱ्यावर ओझे पडत नाही. स्वयंसेवकांची संख्या अंध सदस्यांच्या कितीतरी पट अधिक आहे, ही गोष्ट मोठी बोलकी आहे. समाजात सद्भावनेचा तुटवडा नसतो. तिला वाट नसते.

यातून रचनेची काही तत्त्वे हाती येतात. हितचिंतकाकडे मागावयाचे काम लहान आणि स्पष्ट असावे. ज्याच्यासाठी ॲप आहे त्याला ते स्वतंत्रपणे वापरता यावे. पडद्यावरील मजकूर वाचून दाखविणाऱ्या सोयीला ज्या बटणाचे नाव सापडत नाही, ते बटण अंधास बंद दारासारखेच. मदतीची मर्यादाही प्रांजळपणे सांगावी. रस्ता ओलांडताना पांढऱ्या काठीची जागा असे ॲप घेऊ शकत नाही. शिवाय गरजूची माहिती आवश्यक तेवढीच घ्यावी; कोणाचे दैन्य प्रदर्शनार्थ मांडू नये.

आर्थिक साहाय्यासही हाच न्याय लागू पडतो. २०१६ मध्ये यूपीआय सुरू झाल्यापासून आपल्या देशात अल्प रक्कम पाठविणे सुकर झाले आहे. तथापि पैसे स्वीकारणे म्हणजे नाते जोडणे नव्हे. दात्यास तत्काळ पावती मिळावी आणि काही काळाने त्या पैशाचे काय झाले हेही कळावे. एवढे काम साध्या संदेशाने होत असेल, तर निराळ्या ॲपवर खर्च न करणे हेच शहाणपण होय.

आपल्या शाळेचे माजी विद्यार्थी आज दूरदूर विखुरलेले आहेत. त्यांच्यासाठी असे साधन योजताना ‘आम्हांस काय सांगावयाचे आहे’ यापेक्षा ‘कोणत्या विद्यार्थ्याचे कोणते काम अडले आहे’ येथून आरंभ व्हावा. देऊ इच्छिणारे हात पुष्कळ आहेत. ते योग्य क्षणी योग्य दारापर्यंत पोचविणे, एवढेच तंत्रज्ञानाचे काम.