“थोडं सोस” म्हणू नका!

पहाटे पाचला आमच्या मुक्ताईनगरात मुली पळताना दिसतात. कुणी कमरेला ओढणी बांधून, तर कुणी भावाचे बूट घालून. पोलीस भरतीची तयारी! मुलींना ८०० मीटर पळावं लागतं, आणि सेकंदांवर गुण ठरतात. माझी लेकही त्यातलीच.

दोन वर्षांपूर्वी ती जिना उतरताना कठडा धरायला लागली. विचारलं तर म्हणे, “काही नाही गं आई, नडगी दुखते जराशी.” मीही म्हटलं, भरती तोंडावर आलीय, थोडं सोस. सासूबाई रोज रात्री तेल चोळून द्यायच्या. तीन आठवड्यांनी तिला पाय टेकवेना. नडगीच्या हाडाला बारीक चीर गेली होती. पहिल्या एक्स-रेत ती दिसलीही नव्हती. दोन महिने पळणं बंद, भरती हुकली.

डॉक्टरीणबाईंनी पहिला प्रश्न विचारला तो पाळीचा. चार महिने आली नव्हती, आणि मला पत्ताच नाही! वजन वाढू नये म्हणून पोरगी डब्यातली भाकरी मैत्रिणीला देऊन टाकायची. पळणाऱ्या अंगाला पुरेसं अन्न मिळालं नाही, की पाळी थांबते आणि हाडंही कमजोर होतात.

मैत्रिणींनो, मला उशिरा कळलं ते तुम्हाला आधीच सांगते. नडगीभर पसरलेलं दुखणं बहुधा विश्रांतीनं बरं होतं. पण एका बोटानं दाखवता येईल अशा एकाच जागी दुखत असेल, रात्रीही ठणकत असेल, तर पळणं थांबवून डॉक्टर गाठा. घोटा मुरगळला तर लगेच चोळू नका. फडक्यात बर्फ गुंडाळून पंधरा-वीस मिनिटं शेका, पट्टी बांधा आणि पाय उशीवर उंच ठेवा.

दुखणं टाळायचं तर डांबरी रस्त्यापेक्षा मातीचं मैदान बरं. आधी दहा मिनिटं भरभर चालायचं, मगच पळायचं. अंतर दर आठवड्याला थोडंथोडंच वाढवायचं, आणि आठवड्यातून एक दिवस सुट्टी. पायरीवर उभं राहून टाचा वर-खाली केल्या, की पोटऱ्या बळकट होतात. तळ झिजलेले बूट सरळ बदला. कळण्याची भाकरी, वरण, शेंगदाणे, दूध आणि आपली केळी, सगळं पोटभर खाऊ द्या. पाळी तीन महिने आली नाही तर लाजू नका, दाखवा.

मुलींना पळू नका म्हणायचं नाहीये हं! साताऱ्याकडच्या मोही गावची ललिता बाबर २०१६ साली रिओ ऑलिम्पिकमध्ये स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली. आपल्याही मुली धावतील.

माझी लेक आता पुन्हा मैदानावर जाते. घरी आली की मी आधी वेळ विचारत नाही. विचारते, “पाय कसा आहे गं? आणि खाल्लंस का काही?”